तिसरं पाणी

कियूमर्स साबेतीने पहिल्या चिनाराच्या आळ्यातली चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थू करून टाकली.

मीठ!

त्याने दुसऱ्या आळ्यातली माती चाखली. खारट. तिसऱ्यातली जरा कमी, पण खारटच. चौथं झाड कोपऱ्यावर, कचऱ्याच्या डब्यापलीकडे होतं. गुडघ्यावर हात टेकत तो तिथपर्यंत गेला. तिथली माती मातीसारखी लागली.

नौरोजचं नवं वर्ष लागून चाळीस दिवस झाले होते. अलवंद डोंगराच्या माथ्यावर अजून बर्फ होतं, पण खाली हमदानच्या गल्ल्यांमधल्या चिनारांना हाताच्या पंज्याएवढी पानं आली होती. फक्त या इमारतीसमोर असं होतं की पहिलं झाड म्हणजे नुसती काठी. दुसऱ्याला पानं फुटली ती कडेने करपलेली, जणू कोणी काडी पेटवून एकेका पानाला फिरवून चटका दिला होता. तिसऱ्याचं शेंड्याकडचं अंग करपलेलं. चौथं मात्र हिरवंगार, वाऱ्यावर उगाच हसणारं.

पहिल्या आळ्याच्या कडेला पांढरी खपली धरली होती. ती त्याने महिनाभर रोज पाहिली होती. दर शरद ऋतूत तो खोडांना चुना लावायचा, त्याचाच ओघळ असेल असं समजून गेला होता. आज ती बोटाने खरवडली, तर वाळूसारखी चुरचुरली.

तो तसाच उकिडवा बसून राहिला. राग आधी कानांत चढला, मग मानेत, मग हातात. हाताच्या भेगा आधीच चुरचुरत होत्या. हवा कोरडी, त्यामुळे थंडी सरली तरी त्याच्या बोटांच्या पेरांवरच्या भेगा काही बुजल्या नव्हत्या. मूठ आवळली तशी त्यातल्या एकीतून रक्त आलं.

एकतीस वर्षं त्याने हवामान केंद्रात काढली होती. पहाटे तापमापक, दुपारी तापमापक, सांजेला तापमापक. कोणत्या साली बर्फ किती बोटं पडलं ते त्याला विचारावं. निवृत्त झाला त्या वर्षी तुईसेरकानच्या रस्त्यावरच्या रोपवाटिकेतून त्याने ही चार रोपं स्वतः निवडून आणली, स्वतः खड्डे खणले. मुळांवरची मान मातीच्या वर राहील अशी बेताने लावली, कारण लोक रोप मानेसकट पुरतात आणि मग का गुदमरलं म्हणून रडतात. पहिल्या वर्षी काठीचा आधार दिला, दुसऱ्या वर्षी दोर सोडले, नाहीतर दोर सालीत रुततो. हिवाळ्यात दुपारचं ऊन नैर्ऋत्येकडून खोडावर पडतं, साल तापते, संध्याकाळी उणे पंधरा होतं आणि साल उभी फाटते. म्हणून त्या बाजूला गोणपाट. गेल्या हिवाळ्यात एक्केचाळीस दिवस आकाशातून थेंब पडला नाही, बर्फही नाही. झाडं झोपली असली तरी मुळं तहानलेली असतात, हे या इमारतीत फक्त त्याला ठाऊक होतं. भर दुपारी, पारा पाच अंशांवर आला की तो टब घेऊन खाली यायचा, आणि खिडक्यांमधून लोक हसायचे.

"साबेती आगा, झोपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतता का हो तुम्ही?" हे इंजिनियर गोलचिनचं.

नादेर गोलचिन चौथ्या मजल्यावर राहायचा. बांधकामाची कंत्राटं घ्यायचा आणि त्याला सगळे इंजिनियर म्हणायचे. त्याच्याकडे एक पिकअप होती, तिच्यावर कधी सिमेंट असायचं, कधी पाण्याची मोठी टाकी, आणि ती उभी करायला जागा नव्हती. त्यानेच इमारतीच्या मंडळाकडे अर्ज दिला होता: समोरच्या पट्टीतली झाडं मेलेली आहेत, तिथे फरशी घालून चार गाड्यांची सोय करावी. येत्या शुक्रवारी चार वाजता त्यावर हात वर करायचे होते. झाडं जगतील असं दिसलं तर राहणार, नाहीतर फरशी.

आणि दाराला सगळ्यात जवळचं झाड सगळ्यात आधी मेलं होतं. मीठही तिथेच सगळ्यात जास्त. दाराजवळची जागा कोणाला हवी होती? तळघरात गोलचिनच्या अडगळीच्या खोलीत मिठाची पोती कोणाची होती?

कियूमर्स उठला. गुडघे दुखल्याचं त्याला कळलंसुद्धा नाही.

*

गोलचिन जिन्यातच भेटला, खांद्यावर पाइपांची गुंडाळी घेऊन उतरत होता.

"सलाम, साबेती आगा. काय म्हणतात तुमच्या काठ्या?"

"काठ्या!" कियूमर्सचा आवाज तीन मजले घुमला. "मीठ घालून काठ्या केल्या, आणि वर मलाच विचारतोस?"

तीन वर्षांत पहिल्यांदाच तो 'तू'वर आला होता. गोलचिनने पाइप खाली ठेवले.

"कसलं मीठ?"

"पोती कोणाची आहेत खाली?"

"माझी. उतारावर बर्फ झालं की टाकतो. मागच्या हिवाळ्यात तुम्ही स्वतः घसरून बसलात, तेव्हा तुमच्याही दारापर्यंत टाकलं होतं. विसरलात वाटतं."

"दारापर्यंत टाकलंस आणि उरलेलं आळ्यात ओतलंस! माती चाखून आलोय मी, जिभेने चाखून!"

दारं उघडू लागली. तळमजल्यावरच्या मोहतरम खानुम, ज्यांच्याकडे इमारतीचा कारभार आणि सगळ्या किल्ल्या असायच्या, डोक्यावरून घेतलेली चादर सावरत बाहेर आल्या. दुसऱ्या मजल्यावरचं नवीन जोडपं कठड्यावरून वाकलं.

"काय चाललंय? मेलं का कोणी?"

"मेलं!" कियूमर्स म्हणाला. "चिनार मेला. याने मारला. गाडी उभी करायची म्हणून जिवंत झाडाला मीठ पाजलं. माणूस आहे की कोण आहे हा!"

"अहो, तोंड सांभाळून," गोलचिन हळू आवाजात म्हणाला. "मला ते झाड नको असतं ना, तर दिवसाढवळ्या कुऱ्हाड घेऊन आलो असतो. तुमच्यासमोर. चोरून मीठ घालत बसायला मी काय नवऱ्यावर रुसलेली बाई आहे?"

वरून कोणीतरी हसलं. ते हसू कियूमर्सला झोंबलं.

"हसा! तीन वर्षं हसताय. पाणी द्या म्हटलं तर हसता, चुना लावला तर हसता. गेल्या वसंतात मी इथेच फळ्यावर कागद लावला होता, भाज्या धुतलेलं पाणी मोरीत सोडू नका, टंचाई आहे, झाडांना द्या. दिलं कोणी? एकाने तरी? तुमच्यातल्या एकानेही एक तांब्या आणून ओतला नाही. मी एकटा दर गुरुवारी टब उचलून तीन मजले उतरतो. आणि हा त्याच्यावर मीठ टाकतो!"

कोणी हसलं नाही आता. मोहतरम खानुमनी गोलचिनकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात काहीतरी ठरून गेलं.

"मीठ घातलं असेल तर ते पाप आहे, इंजिनियर," त्या म्हणाल्या. "मुक्या जिवाला."

"खानुम, मी—"

"मी म्हणते, घातलं असेल तर."

गोलचिनने पाइप पुन्हा खांद्यावर घेतले. उतरता उतरता कियूमर्सच्या शेजारी थांबला. त्याचा चेहरा लाल झाला होता, पण 'तुम्ही' सुटलं नव्हतं.

"तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे आहात. एवढंच लक्षात ठेवतोय मी."

त्या संध्याकाळी कियूमर्सने फळ्यावर नवीन कागद लावला. मोठ्या अक्षरांत लिहिलं: *या इमारतीत एक मारेकरी राहतो. त्याला जिवंत झाडापेक्षा गाडी प्यारी आहे. शुक्रवारी हात वर करताना हे आठवा.* खाली सही केली. नाव गोलचिनचं लिहिलं नाही. गरजही नव्हती.

*

पुढचे तीन दिवस त्याला आयुष्यात कधी मिळाला नव्हता तेवढा मान मिळाला. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीने जिन्यात थांबवून विचारलं, "काका, आम्ही पाणी घालू का?" मोहतरम खानुमनी कोमाजची गरम रोटी वर पाठवली आणि निरोप दिला, की शुक्रवारची काळजी करू नका, सगळ्यांशी बोलणं झालंय. गोलचिनच्या सलामला कोणी नीट उत्तर देत नव्हतं. त्याच्या पिकअपच्या काचेवरच्या धुळीत कोणीतरी बोटाने 'मीठ' असं लिहून ठेवलं होतं. कियूमर्सने ते पाहिलं आणि पुसलं नाही.

राग मात्र उतरत नव्हता. दुसऱ्या झाडाची पानं रोज जरा जास्त करपत होती. तो खाली जाऊन पान उन्हात धरून पाहायचा. हिरवा भाग आज किती उरला, उद्या किती उरेल. रात्री जेवताना त्याची बायको तूबा म्हणाली, "घास तरी चावून खा. त्या गोलचिनलाच चावताय जणू."

"त्याला चावलं तर विषबाधा होईल."

"मला नाही वाटत त्याने घातलं असेल."

"तुला काय कळतंय त्यातलं!"

तूबाने ताट उचललं. चाळीस वर्षांत हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं होतं, की त्याचा आता फक्त आवाज उरला होता.

*

गुरुवारी दुपारी तिने नेहमीप्रमाणे हाक मारली. "अहो, टब तयार आहे!"

शुक्रवारी घोरमेसब्जीचा, पालेभाजीतल्या मटणाच्या रश्श्याचा बेत, म्हणजे गुरुवारी ढीगभर कोथिंबीर, मेथी, पात, अजमोदा. ओटाभर हिरवळ निथळत पडली होती. कियूमर्स स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत कधी फारसा जात नसे. टब दाराशी ठेवलेला असायचा, तो उचलायचा आणि निघायचा. आजही उचलला. आज तर जास्तच जपून उचलला. या मिठावर उतारा म्हणून जेवढं पाणी मिळेल तेवढं हवं होतं.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाय जरा अडखळला. पाणी हिंदकळलं, हातांवर आलं, मिशांवर उडालं.

हातांच्या भेगा झणझणल्या. दर गुरुवारी झणझणायच्या. थंडी, तो म्हणायचा, कोरडी हवा.

त्याने सवयीने मिशांवरून जीभ फिरवली.

तो तिथेच थांबला. टब हातात, एक पाय वरच्या पायरीवर, एक खालच्या. मग टब हळूच पायरीवर ठेवला, त्यात बोट बुडवलं, आणि जिभेवर ठेवलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा ठेवलं. चव तीच होती. चार दिवसांपूर्वी पहिल्या आळ्याजवळ जी थुंकून टाकली होती, तीच.

तो टब घेऊन परत वर आला. पाणी जिन्यावर सांडत होतं.

"हे काय आहे?"

तूबाने मान वळवली. "पाणी."

"यात काय आहे?"

"मीठ."

"मीठ का आहे?"

"अळ्या मरायला नको? बाजारातली पालेभाजी आहे. पहिल्या पाण्यात चिखल जातो, दुसऱ्यात साबणाचे दोन थेंब, तिसऱ्यात मीठ टाकून अर्धा तास ठेवायचं. तुमच्या आईने शिकवलंय मला. सगळा गाव असंच धुतो."

"आणि मला तू तिसरं देत होतीस? वर्षभर?"

"मग कुठलं देऊ? पहिलं चिखलाचं, त्याने जिना घाण होतो म्हणून मोहतरम खानुम ओरडल्या. दुसरं देत होते, तर तुम्हीच म्हणालात साबण नको, मुळं मरतात. साबणाचं नको, असं ओरडलात. म्हणून तिसरं. ते सगळ्यात स्वच्छ असतं."

"मीठ आहे म्हणून सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं की!" आता तिचाही आवाज चढला. "पहिल्याच गुरुवारी सांगितलं. म्हटलं, यात मूठभर मीठ आहे, चालेल ना? तुम्ही पेपर वाचत होता. 'हं' म्हणालात. मला वाटलं, एवढे हवामानवाले, यांना ठाऊक असणार. माझ्या मेलीला काय कळतंय त्यातलं!"

कियूमर्सने टब उचलून जमिनीवर आपटावा असा हात वर नेला. मग त्याला दिसलं, की आपटला तर पाणी कुठे जाईल आणि कोण पुसेल. त्याने तो मोरीत ओतला. वर्षभरात पहिल्यांदाच ते पाणी तिथे गेलं जिथे ते जायला हवं होतं. जिथे इमारतीतले बाकीचे सगळे, त्याचा कागद न वाचणारे, आळशी, बेफिकीर लोक ते सोडत होते.

त्यांनी एक तांब्या आणून ओतला नव्हता, म्हणून तीन झाडं अजून उभी होती.

तो खिडकीपाशी जाऊन बसला. खाली चारही झाडं दिसत होती. दाराजवळच्याला तो अर्धा टब द्यायचा, ते त्याचं लाडकं. उरलेलं दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. चौथ्यापर्यंत टब सहसा रिकामा व्हायचा, आणि गुडघेही म्हणायचे, राहू दे. ज्याच्याकडे दुर्लक्ष केलं तेच हसत उभं होतं.

त्याला स्वतःचा इतका राग आला, की तो राग ठेवायला जागा पुरेना. म्हणून तो आधी तूबावर काढला, मग पालेभाजीवर, मग तिला तसं धुवायला शिकवणाऱ्या स्वतःच्या मेलेल्या आईवर. मग काढायला कोणी उरलं नाही.

"गप्प बसलं तर?" तूबा दारातून म्हणाली. ती रडली होती, पण बोलणं नेहमीचंच. "उद्या सगळे तुमच्या बाजूने हात वर करणार आहेत. झाडं राहतील. मी पाणी मोरीत सोडेन. कोणाला काय कळणार?"

हे त्याच्याही मनात येऊन गेलं होतं. आधीच येऊन गेलं होतं, टब अजून हातात असताना. त्याचीच त्याला जास्त शरम वाटली.

"हात वर केल्याने मीठ जात नाही," तो म्हणाला. "मीठ पाण्याने जातं. वरून इतकं पाणी सोडायचं, की मीठ मुळांच्या खाली वाहून जाईल. एकेका झाडाला दोन-तीनशे लिटर, एका दमात, पुन्हा एकदा, आणि पुन्हा एकदा. बागेच्या नळाला कुलूप आहे. नळ आठवड्यातून अर्धा तास मिळतो. एवढं पाणी आणू कुठून?"

तूबा खिडकीपाशी आली. दोघांनीही खिडकीतून खाली पाहिलं. पिकअप रस्त्याच्या कडेला तिरकी उभी होती. तिच्यावर आज टाकी होती.

*

दार गोलचिनने स्वतः उघडलं. हातात पाव आणि पनीरचा घास होता.

"या," तो म्हणाला. "अजून काही उरलंय का बोलायचं?"

"आत येत नाही."

"मग बाहेरच ओरडा. सोय चांगली आहे, आवाज घुमतो."

कियूमर्सने वाक्य जिन्यात तीनदा जुळवलं होतं. आता त्यातला एकही शब्द आठवेना.

"मीठ माझं होतं," तो म्हणाला. "आमच्या पालेभाजीचं. मी घालत होतो. मला ठाऊक नव्हतं."

गोलचिन चावायचा थांबला.

"पुन्हा बोला."

"ऐकलंस तू."

"नाही, पुन्हा बोला. चार दिवस मला सलामचं उत्तर मिळालं नाही. माझ्या बायकोला बेकरीवाल्याने विचारलं, काय खानुम, नवरा झाडांनाही मीठ-मसाला लावतो म्हणे? पुन्हा बोला."

"मी घातलं. वर्षभर. स्वतःच्या हाताने, तीन मजले उतरून."

गोलचिन हसला नाही. तो हसला असता तर कियूमर्सला सोपं गेलं असतं.

"आणि आता काय पाहिजे?"

"पाणी. तुझ्या टाकीतलं. मीठ धुवायला. उद्या सकाळी."

"वा!" गोलचिनने घास दाराच्या फळीवर ठेवला. "वा, साबेती आगा! मला मारेकरी म्हणायचं, आणि मारेकऱ्याकडेच पाणी मागायचं. तेही त्या झाडांना, ज्यांच्या जागी मला गाडी उभी करायची आहे. डोकं शाबूत आहे ना तुमचं?"

"नाही म्हण. मी जातो."

"थांबा! मी नाही म्हटलंय का अजून?" त्याचा आवाज चढला, पहिल्यांदाच. "तुम्ही माझ्यावर ओरडलात ते किती लोकांसमोर? सगळ्या इमारतीसमोर. आणि चूक कबूल करताय ती कुठे? माझ्या चपलांसमोर. खाली फळ्यावर तुमचा कागद आहे. त्याच्यावर तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहा. मग पाण्याचं बघू."

"लिहिलं तर उद्या सगळे तुझ्या बाजूने हात वर करतील."

"ते मला कळतंय. तुम्हालाही कळतंय. लिहायचं तर लिहा."

त्याने दार लावलं. घास बाहेरच राहिला होता. दार पुन्हा उघडलं, घास आत गेला, दार पुन्हा लागलं.

कियूमर्स खाली उतरला. फळ्यासमोर उभा राहिला. *या इमारतीत एक मारेकरी राहतो.* त्याने पेन काढलं. आधी वाटलं कागद काढून टाकावा आणि नवा, सौम्य भाषेतला लावावा. मग त्याच कागदावर, त्या ओळीखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहिलं: *तो तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्याचं नाव कियूमर्स साबेती. मीठ पालेभाजी धुतलेल्या पाण्यातलं होतं. इंजिनियर गोलचिनचा काही दोष नाही.* दोष या शब्दावर पेन कागद फाडून फळ्यात रुतलं.

मागे मोहतरम खानुम किल्ल्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी वाचलं.

"म्हणजे माझी कोमाज फुकट गेली," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

*

शुक्रवारी सकाळी नऊला पिकअप मागे घेत घेत पट्टीपाशी आली. गोलचिन उतरला, 'सलाम' म्हणाला नाही. कियूमर्सनेही म्हटलं नाही. पहाटेच त्याने आळी रुंद करून ठेवली होती आणि प्रत्येकाच्या उताराकडच्या बाजूला हातभर खोल खड्डा खणला होता, झिरपलेलं पाणी कसं येतं ते कळावं म्हणून.

"पाणी विहिरीचं आहे," गोलचिन म्हणाला. "माझ्या साइटवरची. काँक्रीटला घालतो, चांगलं आहे. तुम्ही चाखून घ्या, नाहीतर उद्या पुन्हा कागद लागेल."

कियूमर्सने खरंच चाखलं. गोड होतं.

पाइपातून पाणी सुटलं. पहिल्या आळ्यात पाइप टाकायचा म्हणून कियूमर्सने हात पुढे केला, आणि मग मागे घेतला. ती काठी होती. त्याने नखाने सालीचा कपचा काढला, आत तपकिरी. दोन फांद्या मोडून पाहिल्या, कटकन मोडल्या.

"हे सोड," तो म्हणाला. दुसऱ्या झाडाकडे चालू लागत पुन्हा म्हणाला, "हे सोड. दुसऱ्यापासून."

आळं भरलं, जिरलं, पुन्हा भरलं. पाऊण तासाने खालच्या खड्ड्यात गढूळ पाणी जमू लागलं. कियूमर्स गुडघ्यांवर बसला, बोट बुडवलं, चाखलं, थुंकला.

"खारट?"

"समुद्र."

"पुन्हा सोडू?"

"सोड ना, विचारतोस काय!"

"साबेती आगा," गोलचिन म्हणाला, "एक सांगून ठेवतो. चार वाजता मी पार्किंगसाठीच हात वर करणार आहे. गैरसमज नको. मला गाडीला जागा हवी आहे. पण झाड मरायचं तर त्याच्या मरणाने मरू दे. तूबा खानुमच्या मेथीने नको."

"हात वर कर नाहीतर पाय वर कर. पाइप नीट धर आधी, साल भिजतेय."

खिडक्या उघडल्या होत्या. आज कोणी हसत नव्हतं, म्हणजे हसत असलं तर आत. तिसऱ्या वेळी खड्डा भरला तेव्हा कियूमर्सचं तोंड मिठाने इतकं कोरडं झालं होतं, की त्याला आता चव कळेना. तो बोट बुडवून नुसताच बसला. गोलचिनने पाइप खाली ठेवला, वाकला, स्वतःचं बोट बुडवलं आणि जिभेवर ठेवलं. तोंड वाकडं केलं.

"अजून आहे," तो म्हणाला. "पण घोरमेसब्जीत चालेल एवढं."

*

चार वाजता नऊ हात वर झाले पार्किंगसाठी, दहा झाडांसाठी. दहावा तूबाचा होता. मंडळाच्या बैठकीला ती कधी येत नसे, आणि आज येऊन मागे उभी राहिली होती. एका हाताच्या फरकाने वाद मिटणार नाही म्हणत मोहतरम खानुमनी दोन्ही बाजूंना रुचणार नाही असा निकाल दिला: मेलेलं झाड काढावं, तेवढ्या जागेत इंजिनियरने गाडी लावावी. उरलेली तीन शरदातल्या मेहेर महिन्यापर्यंत राहू द्यावीत. तेव्हा जी हिरवी नसतील त्यांच्याही जागी फरशी.

मेहेरपर्यंत कियूमर्स पाणी देत राहिला. तूबाचं पहिलं पाणी फक्त, चिखलाचं. मोहतरम खानुम जिन्यावरून ओरडत, आणि तो मागाहून पुसून घेई. टब उचलायच्या आधी तो बोट बुडवून चाखायचा, दर वेळी. तूबा म्हणायची, "विष घालून मारायचं असतं तर चाळीस वर्षं थांबले नसते." तिसरं झाड सावरलं. दुसरं अर्धं सावरलं, शेंडा गेला, पण खालून दोन जोमदार फांद्या निघाल्या. मेहेरमध्ये मोहतरम खानुम चष्मा लावून आल्या, पानं मोजल्यासारखं करून गेल्या, आणि फरशीचा विषय काढला नाही.

मग थंडी आली. गेल्या वर्षीसारखी, बर्फाशिवाय. आकाश निळं, ऊन पांढरं, संध्याकाळी उणे चौदा. एक दिवस दुपारी दोनच्या सुमारास कियूमर्स गोणपाट आणि सुतळी घेऊन खाली आला. दुसऱ्या झाडाची नवी साल कोवळी होती, नैर्ऋत्येचं ऊन तिला सोसणार नव्हतं.

तो झाडापाशी गेला आणि थांबला. ऊन खोडावर नव्हतंच. जिथे पहिला चिनार होता तिथे गोलचिनची पिकअप उभी होती, टाकीसकट, आणि तिची सावली दुसऱ्या झाडाच्या खोडावर बुंध्यापासून पहिल्या फांदीपर्यंत नेमकी पडली होती. गोणपाट गुंडाळावं तशी.

त्याने सावलीच्या कडेला बोट लावलं. साल गार होती, हवी तेवढीच गार. त्याला इतका राग आला, की त्याने हातातली सुतळी पिकअपच्या टायरवर फेकली.

चौथ्या मजल्याची खिडकी उघडली.

"काय साबेती आगा, आता टायरला बांधताय? निघतोच आहे मी. तुम्हाला अडचण होत असेल तर आत्ताच काढतो गाडी."

कियूमर्सने वर पाहिलं. मग सूर्याकडे पाहिलं, डोळ्यांवर हात धरून, एकतीस वर्षं पाहिलं तसं.

"चारच्या आत हलवू नकोस!" तो ओरडला. "हलवलीस तर बघ!"

आणि सुतळी उचलून, गोणपाट काखेत मारून, तो तिसऱ्या झाडाकडे गेला.